टाळूऐवजी कोलॅजेन : इम्प्लांटभोवतीच्या हिरडीचा वाद कुठून आला

इम्प्लांट म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवलेले कृत्रिम मूळ. त्याभोवती घट्ट हिरडी किती हवी, आणि ती टाळूच्या तुकड्याने वाढवावी की कोलॅजेनने (त्वचा-हिरडीतल्या तंतुमय प्रथिनाने), हा आजचा वाद. या हिरडीची आज जेवढी चर्चा होते, तेवढी सुरुवातीची कित्येक वर्षे झालीच नाही. १९६५ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्गमध्ये पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसले आणि १९८२ च्या टोरंटो परिषदेनंतर ही पद्धत उत्तर अमेरिकेत रुजली. तोवर सगळा हिशेब हाडाचा होता. हिरडी जखम झाकण्यापुरती.

टाळूचा तुकडा काढून हिरडीला कलमासारखा लावण्याचे तंत्र मात्र १९६० च्या दशकापासून होते, पण ते नैसर्गिक दातांसाठी. पुढे १९८० च्या दशकात टाळूचे वरचे आवरण तसेच ठेवून फक्त आतला संयोजी ऊतीचा (आवरणाखालचा आधार देणारा) थर काढण्याची पद्धत रुळली. रंग जुळू लागला आणि टाळूची उघडी जखमही टळली, तरी दुसऱ्या जागी कापावे लागणे, रक्तस्राव आणि जेवताना होणारा त्रास राहिलाच.

हिरडी वाढवण्याची गरज मुळात का भासली, याचे उत्तर एका आकड्यापाशी जाते : २ मिलिमीटर. १९७२ च्या एका अभ्यासात दंतवैद्यकाच्या ३२ विद्यार्थ्यांची हिरडी मोजली गेली. त्यांचे दात देखरेखीखाली स्वच्छ ठेवले होते. जिथे घट्ट, केराटिनयुक्त (वरून कडक प्रथिनाचे आवरण असलेल्या) हिरडीची रुंदी २ मिमीपेक्षा कमी, तिथे सूज टिकून राहिलेली दिसली. निरीक्षण प्रामाणिक होते. गोंधळ झाला तो त्याचा नियम करण्यात. पुढच्या दहा-बारा वर्षांत प्राण्यांवरच्या प्रयोगांतून आणि रुग्णांच्या पाठपुराव्यातून दिसले, की दात नीट घासले जात असतील तर अरुंद हिरडीही निरोगी राहते. तरीही आकडा टिकला, आणि इम्प्लांट आल्यावर कोणी फारसे न विचारता तिकडे सरकला.

हे सरकणे सरळ नव्हते. दाताच्या मुळावर सिमेंटमचा थर असतो आणि हिरडीचे तंतू त्यात शिरून बसतात. टायटॅनियमला सिमेंटम नाही. तंतू बहुतेक त्याला समांतर धावतात आणि रक्तपुरवठाही तुटपुंजा असतो. म्हणून एक गट म्हणतो, इथे घट्ट हिरडी जास्तच हवी. दुसऱ्या गटाच्या हाती १९९४ चा स्वीडिश पाठपुरावा आहे : पाच ते दहा वर्षांनंतरही घट्ट हिरडी नसलेल्या जागा स्वच्छतेच्या बळावर ठीक होत्या. नंतरच्या काही अभ्यासांत उलट चित्र आले. अरुंद जागी घासताना दुखते, रुग्ण हात आखडता घेतो, आणि कीटण साचते. २०१७ मध्ये शिकागोत भरलेल्या आंतरराष्ट्रीय कार्यशाळेने दीर्घकालीन आरोग्याबाबतचा पुरावा संदिग्ध ठरवला, पण रुग्णाचा आराम आणि स्वच्छतेची सोय हे फायदे मान्य केले. उत्पादकांच्या माहितीपत्रकांत या निष्कर्षाचा दुसरा अर्धा भागच ठळक छापला जातो, असे म्हटले तर अन्याय होऊ नये.

कोलॅजेन या वादाच्या मध्यावर आले. त्याआधी, १९९० च्या दशकात, भाजलेल्या रुग्णांसाठी तयार झालेली पेशीविरहित मानवी त्वचा (पेशी काढून टाकलेली) हिरडीसाठी वापरली जाऊ लागली होती. पण युरोपातल्या काही देशांत मानवी ऊतींचे नियम कडक होते. गायीचे कोलॅजेन वैद्यकात जुनेच, मात्र ‘मॅड काऊ’ या गायींच्या मेंदूरोगाच्या धास्तीने त्याकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. उरले डुक्कर. त्याच्या कोलॅजेनपासून दोन थरांचे मॅट्रिक्स, म्हणजे नवी ऊती वाढायला आधार देणारा सांगाडा, बनले : वरचा थर घट्ट, टाके धरणारा; खालचा सच्छिद्र, ज्यात शेजारच्या पेशी आणि रक्तवाहिन्या शिरतात.

२००९ मध्ये २० रुग्णांवरच्या चाचणीत या मॅट्रिक्सने सहा महिन्यांत टाळूच्या कलमाइतकीच रुंदी दिली, तीही कमी वेदनेत. दोन्ही कलमे निम्म्याहून जास्त आक्रसली, हे कमी सांगितले जाते. २०१२ मध्ये इम्प्लांटभोवतीही, २४ रुग्णांत, तसाच निकाल आला.

मग प्रश्नच बदलला. रुंदी मिळाली, जाडीचे काय? मऊ मॅट्रिक्स दाबाखाली बसते. त्यावर तंतू रासायनिक रीतीने एकमेकांत बांधलेले, आकार धरून ठेवणारे कोलॅजेन आले. २०१६ मध्ये झुरिकमधल्या २० रुग्णांत त्याने तीन महिन्यांत कलमाइतकी जाडी दिली. हे बांधणे दुधारी आहे. जास्त बांधले तर शरीर ते सावकाश सामावून घेते, आणि टाका उसवून ते उघडे पडले तर अडचण वाढते.

भारतात यात आणखी एक बाब मिसळते. मॅट्रिक्स आयात केलेले, महाग, आणि डुकराचे. काही रुग्णांना ते चालत नाही, म्हणून संमती घेताना स्रोत सांगावाच लागतो. माशांपासून बनवलेले कोलॅजेनचे पडदे इथे मिळतात, पण ते हाडाच्या शस्त्रक्रियेत आड ठेवायचे पातळ पडदे. जाडी वाढवणे हे त्यांचे काम नव्हे, म्हणून अशा रुग्णासाठी टाळूच पुन्हा पुढे येतो.