डीओपी गेलं, ‘डीओपी टेस्ट’ राहिली

इंजेक्शनं बनवणाऱ्या कारखान्यात फिल्टरची चाचणी कधी पाहिली नसेल, तर थोडक्यात सांगतो. वरच्या डक्टमध्ये तेलाचा बारीक धूर सोडलेला असतो. खाली शिडीवर उभा असलेला, नखशिखान्त झाकलेला माणूस छतातल्या फिल्टरपासून इंचभर अंतरावर प्रोब धरून तो सावकाश फिरवत असतो. शेत नांगरावं तशी एका पट्टीला लागून दुसरी पट्टी. फिल्टरमधून निसटलेला धूर मोजणाऱ्या फोटोमीटरवर शून्य, शून्य, शून्य. मग कोपऱ्यात, जिथे फ्रेम गॅस्केटवर, म्हणजे फट बुजवणाऱ्या पट्टीवर, टेकते तिथे, आकडा एकदम ०.०१३ टक्क्यांवर चढतो आणि मशीन ओरडायला लागतं. गुणवत्ता खात्यातला क्यूएवाला फॉर्मवर लिहितो, ‘डीओपी टेस्ट – फेल’.

त्या धुरात डीओपी या रसायनाचा थेंबही नसतो. तेल असतं पीएओ, म्हणजे पॉलीअल्फाओलेफिन. तरी नाव जुनंच चाललंय, आणि त्या नावाचं मूळ औषधांत नाही, युद्धात आहे.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन गॅस मास्कच्या डब्यातला एक कागद दोस्त सैन्याच्या हाती लागला. विषारी धूर तो विलक्षण अडवत होता. अमेरिकी लष्कराच्या रासायनिक विभागाने तसाच कागद करायला घेतला. सुरुवातीला त्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू होते. पुढे हाच कागद घड्या घालून चौकटीत बसवला गेला आणि अणुबॉम्बच्या कारखान्यांतली किरणोत्सारी धूळ अडवायला वापरला गेला. हवेतले अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरचा जन्म हा असा.

कागद तपासायला ठरावीक आकाराचा धूर हवा होता. प्लास्टिक मऊ करायला वापरतात ते डायऑक्टिल थॅलेट, म्हणजे डीओपी, तापवून त्याची वाफ थंड केली की जवळपास एकाच मापाचे, ०.३ मायक्रॉनचे थेंब मिळत. ०.३ च का? पिठाच्या चाळणीतून जितकं बारीक तितकं सहज निसटतं. पण हेपा ही चाळणी नव्हे. मोठे कण तंतूंवर आदळून अडकतात, अगदी बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात भरकटतात आणि तंतूंना चिकटतात. मधल्या मापाचे कण या दोन्ही सापळ्यांतून सुटू शकतात. नोबेल विजेते आयर्विंग लँगम्युअर यांनी युद्धकाळात केलेल्या हिशेबातून हे मधलं माप ०.३ च्या आसपास आलं. १९५६ साली अमेरिकी लष्करी मानक २८२ मध्ये ही चाचणी छापील झाली. ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडतात, हा आकडा आजही फिल्टरच्या लेबलवर दिसतो.

११ सप्टेंबर १९५७ ला डेन्व्हरजवळच्या रॉकी फ्लॅट्स या अण्वस्त्र कारखान्यात प्लुटोनियमला आग लागली, आणि तिने फिल्टरही गिळले. कागद ज्वलनशील होता. धूळ अडवायला लावलेली वस्तूच पेटली, म्हटल्यावर न पेटणाऱ्या काचतंतूंच्या फिल्टरची निकड वेगळी पटवून द्यावी लागली नाही.

तोवर ‘क्लीनरूम’ म्हणजे झाडूनपुसून चकचकीत ठेवलेली खोली. अल्बुकर्कीच्या सँडिया प्रयोगशाळेत विलिस व्हिटफील्ड या शेतकऱ्याच्या मुलाने १९६० च्या सुमारास साधा प्रश्न विचारला: धूळ पुसत बसण्यापेक्षा हवेनेच ती सतत बाहेर का ढकलू नये? हेपामधून गाळलेली हवा त्याने एका दिशेने संथपणे वाहू दिली. मोजमाप इतकं कमी आलं की कण मोजायचं यंत्रच बिघडलं असावं असं लोकांना वाटलं. १९६३ साली क्लीनरूमसाठी अमेरिकेचं फेडरल स्टँडर्ड २०९ आलं आणि ‘क्लास १००’ (घनफूटभर हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा मोठे कण जास्तीत जास्त शंभर) ही भाषा रुजली.

खरी अडचण इथून पुढे. फिल्टर कारखान्यात पास होतो, मग ट्रकमधून हादरे खात येतो, छताच्या चौकटीत बोल्टने आवळला जातो, आणि गळतो गॅस्केटपाशी. कागदाची कार्यक्षमता आणि बसवलेल्या फिल्टरची गळती हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आजही ऑडिटमध्ये फिल्टरबरोबर आलेलं प्रमाणपत्र पुढे करून सुटू पाहणारे भेटतात. जागेवरच्या चाचणीसाठी लास्किन नोझल सोयीचं ठरलं. दाबाची हवा तेलात सोडली की थंड धूर तयार, तापवायची भानगड नाही.

प्रशिक्षणात एक शंका हमखास येते: फिल्टर ०.०३ टक्के सोडतो असं लेबलच सांगतं, मग गळतीची मर्यादा ०.०१ कशी? उत्तर धुरात आहे. लास्किनच्या धुरात लहानमोठे थेंब मिसळलेले असतात आणि वजनाच्या हिशेबाने पाहिलं तर ०.३ पेक्षा मोठ्यांचाच भरणा असतो. धड कागद ते सहज अडवतो. म्हणून ०.०१ दिसलं की कागदाला किंवा चौकटीला कुठेतरी छिद्र आहे असं समजायचं.

१९८२ मध्ये अमेरिकेत उंदरांवरच्या अभ्यासात या थॅलेटमुळे यकृतात गाठी होताना दिसल्या. रोज तो धूर हुंगणाऱ्या तंत्रज्ञांचा प्रश्न उभा राहिला आणि हळूहळू पीएओने जागा घेतली.

नियम मागून येत राहिले. औषधनिर्मितीच्या भारतीय नियमांत, म्हणजे २००१ च्या शेड्यूल एममध्ये, हेपाची ही चाचणी वर्षातून एकदा होती. अमेरिकी औषध नियामक एफडीएच्या २००४ च्या मार्गदर्शनात निर्जंतुक भरणीच्या खोलीसाठी वर्षातून दोनदा, आणि ०.०१ टक्के दिसलं की दुरुस्त करा किंवा बदला. २५ ऑगस्ट २०२३ पासून लागू झालेल्या निर्जंतुक औषधांसाठीच्या युरोपीय ॲनेक्स १ ने ए आणि बी या जास्त स्वच्छ ग्रेडच्या खोल्यांसाठी सहा महिने, सी आणि डी साठी बारा महिने ही कमाल मुदत घातली. २८ डिसेंबर २०२३ ला शेड्यूल एमही नव्याने आलं. छत्रपती संभाजीनगरजवळचं वाळूज असो की गोव्यातलं वेर्णा, जो कारखाना परदेशी माल पाठवतो त्याचं वेळापत्रक सगळ्यात कडक नियमावरच बेतावं लागतं. म्हणून शिडी सहा महिन्यांनी पुन्हा लागते, नोझलमध्ये पीएओ भरलं जातं, आणि फॉर्मच्या शीर्षकात ‘डीओपी’ तसंच राहतं.