एमटीटी म्हणतं ४० टक्के, एलडीएच म्हणतं ८ टक्के, मग मेल्या किती?

प्लेटमध्ये वाढवलेल्या पेशी, एकच औषध, एकच डोस, एकाच दिवशी लावलेल्या दोन टेस्ट, एमटीटी आणि एलडीएच. एमटीटीत व्हायबिलिटी, म्हणजे जिवंतपणा, आली ४० टक्के आणि एलडीएचमध्ये सायटोटॉक्सिसिटी, म्हणजे पेशींना झालेली विषबाधा, फक्त ८. नवीन माणूस इथे पहिली गोष्ट करतो ती म्हणजे वजाबाकी, १०० मधून ४० गेले, म्हणजे ६० टक्के पेशी मेल्या, आणि एलडीएच तर ८च म्हणतंय, म्हणजे दोघांपैकी एक टेस्ट नक्की गंडलीय. मग रिएजंट बदला, पिपेटवर संशय घ्या, प्लेट रीडरला शिव्या घाला, परत सगळं लावा. मी स्वतः यात दोन आठवडे घालवलेत. टेस्ट दोन्ही ठीक होत्या हो, माझी वजाबाकीच चुकीची होती.

दोन्हीची उत्तरं टक्क्यात येतात, दोन्ही ९६ वेलच्या, म्हणजे ९६ छोट्या खळग्यांच्या, प्लेटमध्ये होतात, दोन्हीत शेवटी रंग मोजायचा असतो आणि गंमत म्हणजे दोन्हीत रंग देणारी वस्तू एकच, फॉर्मॅझान नावाचं रंगीत रसायन, त्यामुळे एक दुसऱ्याची उलटी बाजू आहे असं वाटणं साहजिक आहे. पण त्या विचारतात दोन वेगळे प्रश्न. एमटीटी विचारतं की या वेलमध्ये कामाला लागलेल्या पेशी किती आहेत. एलडीएच विचारतं की किती पेशी फुटून आतला माल बाहेर सांडलाय. कारखान्याचं उत्पादन निम्म्यावर आलं म्हणून निम्म्या इमारती पडल्या असं कोणी म्हणत नाही ना, तसंच.

एमटीटी हे पिवळं टेट्राझोलियम मीठ, टेस्ट म्हणून ते १९८३ साली मोसमन यांनी मांडलं. जिवंत पेशी त्याचं रिडक्शन करतात आणि जांभळं फॉर्मॅझान बनतं. हे फक्त मायटोकाँड्रियात होतं असं खूप ठिकाणी लिहिलेलं असतं, पण बरंचसं सायटोप्लाझममध्येही होतं, पेशीकडे एनएडीएच (रिडक्शनला इलेक्ट्रॉन पुरवणारा रेणू) किती खेळतंय त्यावर ते अवलंबून. दोनचार तास ३७ डिग्रीला ठेवून मायक्रोस्कोपखाली बघाल तर पेशींवर जांभळ्या सुयांचे झुपके उगवलेले दिसतात, काटेरी अगदी. हे पाण्यात विरघळत नाही, म्हणून वरचं मीडियम, म्हणजे पेशी ज्यात वाढतात तो द्रव, काढून डीएमएसओ हा सॉल्व्हंट घालायचा आणि ५७० नॅनोमीटरला रीडिंग घ्यायचं. हे मीडियम काढणं म्हणजे या टेस्टचा सगळ्यात बेभरवशाचा क्षण, टिप जरा खाली टेकली की सुया वर ओढल्या जातात आणि तुमचं बिचारं औषध उगाच विषारी ठरतं. आधीच सैल झालेल्या पेशी तर अशाच निघून जातात.

एलडीएच म्हणजे लॅक्टेट डिहायड्रोजनेज, पेशीच्या सायटोप्लाझममधला एन्झाइम, पेशीचं आवरण धड आहे तोवर तो आतच राहतो. आवरण फाटलं की मीडियममध्ये येतो. आपण ते मीडियम थोडं काढून दुसऱ्या प्लेटमध्ये घेतो, त्यात लॅक्टेट आणि बाकीचं मिश्रण घालतो, एन्झाइम जितका जास्त तितका लाल रंग गडद, रीडिंग ४९० ला. इथे दोन कंट्रोल लागतातच लागतात. एक, काहीच न दिलेल्या पेशी, कारण थोडी गळती आपोआप होतेच. दुसरा, ट्रायटॉन घालून मुद्दाम सगळ्या फोडलेल्या पेशी, म्हणजे जास्तीत जास्त किती एलडीएच निघू शकतो ते. आपल्या रीडिंगमधून आपोआपची गळती वजा, भागिले जास्तीत जास्त वजा आपोआपची गळती, गुणिले १००. (ट्रायटॉन हलक्या हाताने घाला, साबणच तो, फेस होतो आणि एक बुडबुडा वेलच्या मध्यावर बसला की त्या रीडिंगचं काही खरं नाही. सुईने फोडायचा.) शिवाय मीडियममधल्या सीरममध्ये स्वतःचा एलडीएच असतो, त्यामुळे बिनपेशींच्या मीडियमचा ब्लँक हवाच.

आता ते ४० आणि ८ कसं काय? समजा प्रत्येक वेलमध्ये ५,००० पेशी टाकल्या आणि त्या रोज दुप्पट होतात. ४८ तासांनी कंट्रोलमध्ये २०,००० झाल्या. औषधाच्या वेलमध्ये औषधाने फक्त विभाजन थांबवलं, एकही पेशी मारली नाही, तिथे अजून ५,०००च. एमटीटी सांगणार साधारण २५ टक्के. लोक लिहिणार ‘७५ टक्के पेशी मृत’. मृत्यू शून्य! ज्या पेशी जन्मालाच आल्या नाहीत त्या आपण मेलेल्यांत मोजल्या. एलडीएच इथे शून्याच्या आसपास येईल आणि ते बरोबर असेल. म्हणून एमटीटीवरून काढलेल्या आयसी५० ला ‘निम्म्या पेशी मारणारा डोस’ म्हणू नका, रंग निम्म्यावर आणणारा डोस एवढंच म्हणा.

पण थांबा, एलडीएचपण धुतल्या तांदळासारखं नाहीये. याच उदाहरणात पुढे जाऊन औषधाने त्या ५,००० च्या ५,००० पेशी फोडल्या असं धरा. तुमचा ट्रायटॉनवाला कंट्रोल मात्र २०,००० पेशींचा आहे, म्हणजे सगळ्या मेल्या तरी उत्तर येणार २५ टक्क्यांच्या आसपास. हे कितीतरी जणांच्या लक्षातच येत नाही. उपाय सोपा आहे, त्याच वेलमध्ये उरलेल्या पेशी नंतर फोडायच्या आणि बाहेरचा एलडीएच भागिले बाहेरचा अधिक आतला असं त्याच वेलपुरतं काढायचं.

वेळेचा घोळ तर वेगळाच. पेशी अपॉप्टोसिसने, म्हणजे ठरवून, गुपचूप मरत असेल तर तिचं आवरण बराच वेळ शाबूत राहतं, आतलं काम मंदावलेलं असतं पण काही सांडलेलं नसतं. अशा वेळी एमटीटी खाली, एलडीएच शांत. पेट्रीडिशमध्ये या मेलेल्या पेशी खाऊन टाकायला कोणी नसतं म्हणून त्या नंतर फाटतात आणि मग एलडीएच वर येतो. फार उशीर केला तर बाहेर पडलेला एन्झाइम मीडियममध्ये हळूहळू निकामी होत जातो आणि आकडा परत खाली. त्यामुळे एकाच वेळेला, म्हणजे २४ तासांना, रीडिंग घेऊन ‘एलडीएच वाढला नाही, औषध सुरक्षित’ असं लिहिणं मला तरी पटत नाही. याउलट डिटर्जंटसारखा पदार्थ आवरणच फाडतो, तिथे एलडीएच लगेच उडी मारतो.

इथपर्यंतचं सगळं साध्या औषधांचं झालं, पाण्यात विरघळलं, पेशीत गेलं, काम केलं. अर्थात औषधंपण रंगात लुडबुड करतात, व्हिटॅमिन सी सारखी अँटिऑक्सिडंट पेशी नसतानाही एमटीटीला जांभळं करतात, पण ते एका ब्लँकमध्ये कळतं. नॅनोपार्टिकल, म्हणजे नॅनोमीटरच्या मापाचे कण, मात्र टेस्टमध्येच हात घालतात. ते विरघळत नाहीत, तळाशी बसतात, प्रकाश अडवतात, पसरवतात, आणि पृष्ठभाग इतका मोठा की जे समोर येईल ते चिकटवून घेतात. सोन्याचे छोटे कण तर स्वतःच लाल दिसतात, साधारण ५२० नॅनोमीटरला प्रकाश शोषतात, म्हणजे ४९० आणि ५७० च्या बरोबर मधे येऊन बसलेत!

२००६ मधलं कार्बन नॅनोट्यूबचं उदाहरण या क्षेत्रात सगळे सांगतात. फुफ्फुसाच्या ए५४९ पेशींना ट्यूब दिल्या, एमटीटीत व्हायबिलिटी निम्म्यावर. तोच प्रयोग एमटीटीसारख्याच डब्ल्यूएसटी-१ या टेस्टने केला, ज्याचं फॉर्मॅझान पाण्यात विरघळतं, तर विषारीपणा काही नाही. एलडीएचमध्येही नाही. झालं असं होतं की पेशींनी फॉर्मॅझान व्यवस्थित बनवलं होतं, पण त्या सुया ट्यूबना चिकटल्या आणि सॉल्व्हंटमध्ये विरघळल्याच नाहीत, मग रीडरला रंग दिसणार कुठून.

एलडीएचमध्ये चूक उलट्या दिशेला होते आणि ती मला जास्त धोक्याची वाटते. टायटॅनियम डायऑक्साइडचे कण एन्झाइमला स्वतःवर चिकटवून घेऊ शकतात, तांब्याचे आणि चांदीचे कण त्याला निकामी करू शकतात. म्हणजे पेशी खरंच फुटल्यात, एलडीएच खरंच सांडलाय, पण मोजायला गेलो तर हाताला काही लागत नाही आणि खराखुरा विषारी कण साळसूदपणे पास होतो. एमटीटीतली चूक निदान तुम्हाला परत तपासायला लावते, इथे कोणी परत तपासतच नाही.

म्हणून कणांसाठी दोन वेल जास्तीच्या लावायच्या. एमटीटीसाठी, कण न दिलेल्या पेशींमध्ये फॉर्मॅझान बनू द्यायचं, मग शेवटी त्यात कण टाकून रीडिंग पडतंय का बघायचं. एलडीएचसाठी, ट्रायटॉनने फोडलेल्या पेशींचं पाणी कणांबरोबर तेवढेच तास ठेवायचं जेवढे पेशींना दिले, आणि एन्झाइम शिल्लक राहतो का ते बघायचं. फक्त शेवटी पाच मिनिटं मिसळून ‘फरक नाही’ म्हणणं चालत नाही, २४ तासांत चिकटणारं पाच मिनिटांत दिसेलच असं नाही. आणि रीडिंगआधी सेंट्रिफ्यूज करून कण खाली बसवलेत म्हणून निर्धास्त राहू नका, कणांना चिकटलेला एन्झाइमसुद्धा त्यांच्यासोबतच खाली जातो.

दोन्ही टेस्ट वेगवेगळ्या प्लेटवर लावण्यापेक्षा मी आता एकाच वेलवर लावते. आधी वरून ५० मायक्रोलिटर मीडियम अलगद उचलून एलडीएचसाठी, मग उरलेल्या पेशींवर एमटीटी, आणि त्या दोघांच्या मधे मायक्रोस्कोपखाली एक नजर. पेशी विरळ पण चपट्या, नीट चिकटलेल्या दिसल्या की मला ते ४० आणि ८ एकत्र बघून काही वाटत नाही, वाढ थांबलीय इतकंच. गोल होऊन तरंगताना दिसल्या आणि तरी एलडीएच ८च असेल, तर मात्र त्या दिवशी घरी जायला उशीर होतो.