पनीरचा तोच तुकडा: कधी आमिष, कधी बक्षीस

समोरच्या काकूंनी गेल्या आठवड्यात फाटकातूनच विचारलं, "अगं, खाऊ दिसला की मोती बसतो. नाही दिसला तर माझ्याकडे ढुंकून बघत नाही. मग हा शिकला काय? मी नुसती लाच देतेय त्याला." मोती दोन महिन्यांपूर्वी रस्त्यावरून त्यांच्या घरी आला, तेव्हाच चांगला वाढलेला होता. इंदूरच्या आमच्या लोकमान्य नगरात असे मोठेपणी घर मिळालेले तीन-चार कुत्रे आहेत, आणि त्यांच्या घरच्यांची तक्रार थोड्याफार फरकाने हीच असते.

काकूंचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. पण म्हणून खाऊ बंद करायचा, हे त्यांनी काढलेलं उत्तर मला पटत नाही. आमिष आणि बक्षीस एकाच डबीतून निघतात, एकाच हातून दिली जातात आणि कुत्रा दोन्ही सारख्याच आवडीने खातो, त्यामुळे गल्लत होते. फरक आहे तो वेळेचा. आमिष कृतीच्या आधी दिसतं आणि कृती करवून घेतं. बक्षीस कृती झाल्यावर येतं आणि ती पुन्हा करावीशी वाटायला लावतं. आमिषाच्या वेळी कुत्र्याचं लक्ष तुकड्यावर असतं. बक्षिसाच्या वेळी ते "मी आत्ता काय केलं?" याच्यावर जातं.

ही गोष्ट बरीच जुनी आहे. १८९८ साली एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने भुकेल्या मांजरांना लाकडी पेट्यांत ठेवून केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. आतली दोरी ओढली किंवा खटका दाबला की दार उघडायचं आणि बाहेरचं खाणं मिळायचं. मांजरं आधी वाटेल तशी धडपडत, मग हळूहळू नेमकी ती एकच कृती लवकर करू लागत. खाणं त्यांना आतूनही दिसत होतं, पण दोरी ओढ असं त्या खाण्याने कधीच सांगितलं नाही. दोरी ओढल्यावर काय झालं, यातून ती शिकली. मोतीच्या बाबतीत हेच राहून गेलंय. तुकडाच त्याला दर वेळी बसवतो, काकूंच्या शब्दावर बसायची वेळ त्याच्यावर आलेलीच नाही.

पिल्लापेक्षा मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत हा फरक जास्त नीट समजून घ्यावा लागतो, हे मला आमच्या राणीमुळे कळलं. ती आली तेव्हा दात बघून डॉक्टरांनी वय चारच्या आसपास सांगितलं. कानाला खाच होती, म्हणजे नसबंदीसाठी तिला कधीतरी धरून नेलेलं होतं. अशा कुत्र्याला आपण 'काहीच न शिकलेला' म्हणतो, पण तो खूप शिकलेला असतो. 'हट' आणि 'हाड' कळतं. 'यू यू' म्हटलं की शिळी पोळी मिळते हे कळतं. आणि माणसाचा हात वर गेला की दगड येतो, हे तर सगळ्यात पक्कं कळतं.

बसायला शिकवण्याची सर्रास सांगितली जाणारी पद्धत आमिषाचीच आहे. तुकडा कुत्र्याच्या नाकाशी धरायचा आणि सावकाश वर, डोक्यामागे न्यायचा. नाक वर गेलं की ढुंगण आपोआप खाली टेकतं. शरीराची ठेवणच तशी आहे, त्यामुळे पिल्लू दुसऱ्या-तिसऱ्या वेळीच बसतं. राणी बसली नाही. माझा हात तिच्या कपाळावरून मागे जायला लागला तशी ती पोट जमिनीला लावून, शेपूट आत घेऊन मागे सरकली. हातात पनीर होतं, पण तिला दिसत होता तो वर जाणारा हात. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं आणि मी ती पद्धत तिथेच सोडली.

मग आमिष न वापरता फक्त बक्षीस वापरलं. कुत्रा दिवसातून कितीतरी वेळा आपणहून बसतो. मी ओट्यावर खुर्ची टाकून बसायचे, डबी बाजूला झाकलेली. राणी टेकली की लगेच "छान" म्हणायचं आणि एक तुकडा तिच्या पुढ्यात जमिनीवर टाकायचा. हातातून देणं नाही, अंगावर वाकणं नाही. तुकडा खायला ती उठायची, इकडेतिकडे फिरून पुन्हा टेकायची, की पुन्हा "छान". पाचव्या दिवशी ती माझ्यासमोर येऊन, माझ्या तोंडाकडे बघत, मुद्दाम बसली. मी काहीही दाखवलं नव्हतं. शब्द जोडायचं काम त्यानंतरचं: ती टेकणार असं दिसलं की अर्धा क्षण आधी म्हणायचं, आणि बसली की बक्षीस.

तो शब्द कोणता, यावर घरात एकदा बसून बोलावं. आमच्याकडे मी म्हणायचे 'बस', मुलगा म्हणायचा 'सिट', हे म्हणायचे 'बैठ'. त्यात 'बस' हा शब्द आपल्या घरात दिवसभर वेगळ्याच अर्थाने उडत असतो. भाजी वाढताना 'बस, बस', भांडण थांबवताना 'बस झालं', दूधवाल्याला हिंदीत 'बस इतना ही'. बिचाऱ्या कुत्र्याने कुठल्या 'बस'वर बसायचं? आम्ही 'बैठ' ठरवलं, आणि आईंपासून मुलापर्यंत सगळे तेच म्हणतात.

आमिष मुळीच वापरू नये, असं मला म्हणायचं नाही. हाताला न घाबरणाऱ्या कुत्र्याला, मोती तसाच आहे, काय करायचं हे दाखवून देण्याचा तो सगळ्यात सोपा मार्ग आहे. फक्त त्याचा मुक्काम लांबवू नये. तीन-चार वेळा तुकड्यामागे बसला की पाचव्या वेळी हात तसाच न्यायचा, पण रिकामा. बसला की तुकडा दुसऱ्या हातातून किंवा कमरेच्या डबीतून. हे जमलं की आधी "बैठ" म्हणायचं, एक क्षण थांबायचं, मग हाताची खूण. हळूहळू खूण लहान करत न्यायची. या क्रमाने गेलं की आमिषाचं बक्षीस कधी झालं ते कुत्र्याला कळतही नाही. काकू अडकल्या होत्या त्या पहिल्याच पायरीवर. दोन महिने झाले तरी तुकडा त्याच हातात होता, त्यामुळे मोतीच्या दृष्टीने कमांड म्हणजे 'बैठ' हा शब्द नव्हताच, तुकडा हीच कमांड होती.

आपलं कुठे अडलंय हे बघायचं असेल तर डबी फ्रिजवर ठेवा, दोन्ही हात मोकळे सोडा आणि एकदाच, साध्या आवाजात सांगा. कुत्रा आधी हात तपासतो, मग खिसा, मग निघून जातो, तर आमिष अजून सुटलेलं नाही. क्षणभर घुटमळून का होईना बसला, तर शब्द पोचलाय. तेव्हा मात्र बक्षीस द्यायलाच हवं, चांगलं दोन-तीन तुकड्यांचं.

'ये' या शब्दाच्या बाबतीत ही गल्लत सगळ्यात महागात पडते, म्हणून तिच्यावर जरा थांबते. राणी सुरुवातीला दिवाणाखाली जाऊन बसायची. तिला आंघोळ घालायची होती, म्हणून आम्ही पनीर दाखवून "ये, ये" केलं, ती बाहेर आली आणि आम्ही तिला धरलं. दुसऱ्या वेळी ती पनीरकडे बघून जास्तच आत सरकली. आमिषाचं सगळ्यात मोठं नुकसान हे, की पुढे वाईट घडलं तर कुत्रा आमिषालाच धोक्याची खूण समजतो. पनीर दिसलं म्हणजे आता पकडणार. ज्याला एकदा जाळ्यात धरून नेलंय त्याला हे शिकायला दुसरी वेळ लागत नाही. आम्हाला तो शब्दच टाकून द्यावा लागला. नवा शब्द 'इकडे' घेतला आणि ठरवलं, की आंघोळ, औषध, रागावणं यासाठी हा शब्द कधीच वापरायचा नाही. त्या कामांना आपण उठून तिच्याजवळ जायचं. 'इकडे' म्हटलं आणि ती आली, की खाऊ, कौतुक आणि पुन्हा मोकळीक. बाहेर मात्र लांब दोर लावूनच सराव, कारण बागेतल्या कुत्र्यांचा आपापला इलाखा असतो आणि त्यातलं एक भुंकलं की आपल्या कुत्र्याला पनीर आठवत नाही.

कधीकधी आमिषही चालत नाही, बक्षीसही चालत नाही. त्याला हट्ट म्हणायची घाई करू नये. रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याला गाडीचा जुना मार असू शकतो, आणि कमरेत किंवा गुडघ्यात दुखत असेल तर बसणं हीच त्याला शिक्षा असते. उभं राहणं, चालणं ठीक पण बसताना एका कुशीवर कलंडत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. दुसरं कारण भीती. रंगपंचमीला राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, निघते तेव्हा शहरभर ढोल आणि गाड्यांवरचे स्पीकर चालू असतात. त्या दिवशी राणीच्या नाकाशी पनीर ठेवलं तरी ती तोंड लावत नव्हती. एरवी ज्यावर ती जीव टाकते ते पनीर. कुत्रा इतका घाबरलेला असताना तो शिकत नसतो, त्या दिवशी डबी बंद करून त्याच्या शेजारी नुसतं बसावं.

खाऊचं एवढंच: तुकडा मटाराच्या दाण्याएवढा. पनीर, उकडलेलं चिकन, उकडलेलं अंडं, जे पोटाला मानवेल ते, आणि तेवढं रोजच्या जेवणातून वजा. एका वेळी तीन-चार मिनिटं, दिवसातून दोनदा पुरतं. उपाशी ठेवून शिकवायची गरज नाही. आणि कृपा करून सकाळच्या पोह्यातला घास देऊ नका. आपल्या इंदुरी पोह्यांत कांदा असतो, वर शेव असते, आणि कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना मारक आहे. मनुकाही नकोत, त्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

काकूंचा पुढचा प्रश्न होता, "म्हणजे जन्मभर डबी बांधून फिरू?" नाही. आमिष लवकर आणि पूर्ण काढायचं असतं, बक्षीस सावकाश विरळ करायचं असतं. कृती पक्की झाली की दर वेळी ऐवजी कधी दुसऱ्यांदा, कधी चौथ्यांदा. केव्हा मिळेल ते ठाऊक नसलं की कुत्रा जास्त चिकाटीने करत राहतो. शिवाय बक्षीस म्हणजे पनीरच असं नाही. राणीला आता फिरायला जाताना दारात 'बैठ' सांगते आणि दार उघडणं हेच बक्षीस. 'थांब' असंच शिकली, जेवणाचं ताट खाली ठेवताना. 'इकडे'ला मात्र मी अजूनही बहुतेक वेळा खाऊ देते, आणि देत राहणार आहे.

'सोड' शिकवताना सावध राहावं लागतं. चप्पल तोंडात दिसली की धावत जाऊन पनीर दाखवलं, तर कुत्रा दोन दिवसांत चप्पल आणून समोर उभा राहतो, कारण चपलेने पनीर मिळतं. म्हणून हा सराव चपलेवर नकोच. साध्या दोरीच्या तुकड्याने खेळायचं, दोरी ढिली धरून हालचाल थांबवायची, त्याने तोंड उघडलं की "छान", मग खाऊ, आणि मग दोरी परत त्यालाच. सोडलं तरी वस्तू कायमची जात नाही, हे त्याला पटावं लागतं.

परवा काकूंनी फ्रिजची परीक्षा घेतली, मी फाटकात उभी होते. मोतीने हात हुंगले, फ्रिजकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं. काकू पुन्हा सांगणार होत्या, मी खुणेने थांबवलं. दहा-बारा सेकंद गेले आणि तो बसला. काकू आनंदाने डबी काढायला वळल्या आणि परत आल्या तोवर तो उठून त्यांच्या मागे आलेला. तुकडा मिळाला तो उठून मागे येण्याला. मग आम्ही दोघींनी पुन्हा केलं. या वेळी तो टेकताच त्या जागेवरूनच म्हणाल्या, "छान!" मोतीचे कान उभे राहिले, तो बसूनच राहिला, आणि काकू डबी घेऊन येईपर्यंत हलला नाही.