अश्रे आणि बारूख: ‘धन्य’ नेमका कोण?

मराठी बायबलातलं ४१वं स्तोत्र काढा. सुरुवातीला दीनांची काळजी वाहणारा ‘धन्य’ आहे, शेवटी इस्राएलाचा देव ‘धन्यवादित’ आहे. मराठीत दोन्हीकडे ‘धन्य’च दिसतो. मूळ हिब्रूत मात्र वर ‘अश्रे’ आहे आणि खाली ‘बारूख’. या दोन शब्दांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही.

हिब्रू शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या धातूवर उभा राहतो आणि स्वर बदलले की अर्थाची छटा बदलते. ब-र-ख या धातूपासून ‘बारूख’ हे ‘लिहिलेला’, ‘दिलेला’ या धर्तीचं कर्मणी विशेषण होतं, म्हणजे आशीर्वाद लाभलेला. ‘अश्रे’ची घडण मात्र विचित्र आहे. ते विशेषण नाही, क्रियापदही नाही. ते अनेकवचनी नाम आहे आणि तेही पुढच्या नामाला चिकटणाऱ्या रूपात. पहिल्या स्तोत्रातल्या ‘अश्रे हा-ईश’चा शब्दशः अर्थ ‘त्या माणसाची सुखं!’ असा होतो. तिथे ‘असो’ नाही, ‘होवो’ नाही. कोणी काही देत नाहीये. बघणारा नुसता उद्गारतोय, ‘काय भाग्य त्याचं!’ म्हणूनच हिब्रू बायबलात देवाला ‘बारूख’ पुन्हा पुन्हा म्हटलंय, ‘अश्रे’ एकदाही नाही. ग्रीक अनुवादकांना हा फरक कळला होता. त्यांनी ‘अश्रे’साठी ‘माकारिओस’ आणि ‘बारूख’साठी ‘युलोगेतोस’ असे वेगळे शब्द योजले.

याच ब-र-ख धातूची खरी गंमत बायबलातल्याच ईयोबच्या पुस्तकात आहे. पहिल्या अध्यायाच्या १०व्या ओवीत सैतान देवाला म्हणतो, तू ईयोबच्या हातच्या कामाला ‘आशीर्वाद दिलास’. लगेच ११व्या ओवीत तो म्हणतो, त्याचं सगळं काढून घे, मग बघ, तो तुला तोंडावर ‘आशीर्वाद देईल’. क्रियापद तेच आहे, अर्थ मात्र शाप देण्याचा. देवापुढे ‘शाप’ हा शब्द लिहायला लेखणी कचरली असावी. आपल्याकडेही बांगडी फुटत नाही, ‘वाढवतात’. संगणकाला असा मजकूर भाषांतराला दिला आणि त्याने धातू पाहूनच अर्थ लावला, तर ११व्या ओवीत तो नेमका उलटा पडेल.

‘बेरेख’ म्हणजे गुडघा, म्हणून आशीर्वाद म्हणजे गुडघे टेकणं, अशी व्युत्पत्ती ठासून सांगितली जाते. व्यंजनं तीच आहेत, पण नातं सिद्ध झालेलं नाही. हाताचा ‘कर’ आणि सरकारचा ‘कर’ मराठीत एकसारखेच दिसतात की! ‘अश्रे’ ऐकून ‘आशिष’ आठवला, की सगळं ज्ञान संस्कृतातूनच बाहेर गेलं असं म्हणणाऱ्यांनाही चेव येईल. त्यांनी आधी शब्द सोडवून पाहावा. ‘आशिष’मधला ‘आ’ हा उपसर्ग आहे, धातू ‘शास्’. ‘अश्रे’मध्ये सुरुवातीचा ‘आलेफ’ (आपल्याला ‘अ’ वाटणारं हे अक्षर हिब्रूत व्यंजन आहे) हे धातूचंच पहिलं व्यंजन आहे आणि शेवटचं ‘र’. हा ‘र’ संस्कृत शब्दात कुठून आणायचा?