शरीरातली पाणीकपात

माझ्या मामेभावाने नव्वद दिवसांत अठरा किलो वजन उतरवलं, तेव्हा डोंबिवलीतल्या त्याच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवस टाळ्यांचे इमोजी वाहत होते. स्टेशनजवळच्या एका जिमने टीव्हीवरच्या शोसारखं 'चॅलेंज' ठेवलं होतं. दर रविवारी सगळ्यांसमोर काट्यावर उभं राहायचं, मागे छाती धडधडवणारं म्युझिक, शेवटी बक्षीस. ९६ वरून ७८ वर येऊन हा दुसरा आला.

मी भेटायला गेलो तेव्हा मे महिना होता. घामाच्या धारा लागलेल्या, आणि हा बनियनवर शर्ट, शर्टावर जाड टी-शर्ट चढवून बसलेला. मी पंखा लावायला उठलो तर म्हणाला, "राहू दे ना दादा, थंडी वाजते." आतून मामी म्हणाली, "तूच बघ रे बाबा. रात्र रात्र मोबाइलवर मिसळीचे व्हिडिओ बघतो, आणि समोर ठेवली तर हात लावत नाही."

ही थंडी आणि हे मिसळीचे व्हिडिओ विज्ञानाला ऐंशी वर्षांपासून ओळखीचे आहेत. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने जवळपास निम्म्या अन्नावर ठेवलं. युद्धावर जायला तत्त्व म्हणून नकार दिलेली ही मुलं या प्रयोगासाठी स्वतःहून पुढे आली होती. युरोपातल्या उपाशी लोकांना पुन्हा नीट खातंपितं कसं करायचं, हे समजून घ्यायचं होतं. मुलांचं वजन साधारण चतुर्थांशाने घटलं. नाडी मंदावली, उन्हाळ्यातही त्यांना कुडकुडायला होई. ताट चाटूनपुसून साफ व्हायचं, आणि ज्यांनी आयुष्यात कधी कढई धरली नव्हती ते पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. तेव्हा मोबाइल नव्हता, एवढाच फरक.

असं का होतं, याचा एक मोठा धागा १९९४ मध्ये सापडला. जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने लेप्टिन या संप्रेरकाचा छडा लावला. ते चरबीच्या पेशींतून रक्तात उतरतं आणि साठा किती आहे, हे मेंदूला कळवतं. मुंबईकराला हे समजावून सांगायची गरजच नाही. भातसा, तानसा, मोडक सागर अशा सात तलावांची पातळी जूनमध्ये खाली गेली की महापालिका पाणीकपात लावते. मेंदूही तेच करतो. लेप्टिन घसरलं की उष्णता, हालचाल, इतर कामं, सगळ्यांवरची उधळपट्टी थांबवतो आणि टँकर मागवावा तशी भूक वाढवतो. आपण चॅलेंज जिंकायला निघालोय की दुष्काळात सापडलोय, हे त्या पातळीवरून काही कळत नाही.

तलाव भरले की कपात उठते. शरीरातली कपात मात्र उठेलच असं नाही, हे दाखवून दिलं ते 'द बिगेस्ट लूझर' या शोने, अर्थात तसा कुठलाही इरादा नसताना. २००४ मध्ये सुरू झालेल्या या अमेरिकी कार्यक्रमात मोजकं खाणं आणि दिवसाला तासन्‌तास घाम गाळणारा व्यायाम, असा मामला होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत तेव्हा असलेले केविन हॉल आणि सहकारी यांनी एका पर्वातल्या १६ पैकी १४ स्पर्धकांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. सुरुवातीला सरासरी वजन १४९ किलो, तीस आठवड्यांनी ९१, सहा वर्षांनी १३२. म्हणजे उतरवलेल्या ५८ पैकी ४१ किलो परत आले.

खरी चकित करणारी गोष्ट दुसरीच होती. माणूस स्वस्थ पडलेला असताना त्याचं शरीर किती उष्मांक (कॅलरी) जाळतं, हे श्वासातल्या वायूंवरून मोजता येतं. शोआधी ही खपत रोज सरासरी २,६०७ उष्मांक होती, शो संपताना १,९९६. वजन परत वाढल्यावर ती वर यायला हवी होती, पण निघाली १,९०३. त्या वजनाच्या माणसाकडून जेवढी अपेक्षा, त्याहून रोज सुमारे ५०० कमी. सत्तर किलोच्या माणसाने नऊ-दहा किलोमीटर चालावं, साधारण एवढी ही ऊर्जा. तलाव बऱ्यापैकी भरले, कपात मात्र सहा वर्षांनीही चालूच.

इथे बहुतेक बातम्या थांबल्या आणि 'डाएटमुळे मेटाबॉलिझम कायमचं बिघडतं, म्हणून वजन परत येतं' असा समज पसरला. पण त्याच अभ्यासात असंही दिसलं की ज्यांनी वजन जास्त टिकवून धरलं होतं, त्यांचीच खपत जास्त मंदावलेली होती. मग वजन परत आणतं कोण? माझ्या मते मुख्य आरोपी भूक. हॉल यांच्याच गटाने दुसऱ्या एका अभ्यासात हिशोब मांडला: घटलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा खर्च रोज २०-३० उष्मांकांनी कमी होतो, पण भूक साधारण १०० उष्मांकांनी वाढते. दहा किलो घटवलेल्या माणसाला रोज हजारभर उष्मांकांची जास्तीची भूक अडवून धरायची असते, आणि तीही टाळ्यांविना. शोच्या बंदिस्त आवारात ती अडवायला ट्रेनर आणि कॅमेरे होते. डोंबिवली स्टेशनबाहेर वडापावच्या गाड्या आहेत.

पहिल्या आठवड्यात काटा धाडकन खाली येतो, त्यात बरंचसं पाणीच असतं. स्नायू आणि यकृतात साठवलेलं ग्लायकोजन, म्हणजे साखरेचा साठा, आपल्या तिप्पट वजनाचं पाणी धरून ठेवतं. ते संपलं की पाणीही जातं. टाळ्या मात्र त्यालाच सगळ्यात जास्त पडतात.

काट्याला स्नायू आणि चरबी यांतला फरकही कळत नाही. त्या स्पर्धकांनी एवढा व्यायाम करूनही सुमारे ११ किलो चरबी सोडून इतर ऊती गमावल्या होत्या. आपल्याकडे तर मुळातच स्नायूंची शिल्लक कमी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापलेला फोटो वैद्यकात प्रसिद्ध आहे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. अशा देशात निव्वळ किलोंची शर्यत लावणं मला धोक्याचं वाटतं.

मग झटपट वजन घटवणं सरसकट वाईट का? तसंही नाही. ऑस्ट्रेलियात २०४ जणांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काहींनी १२ आठवड्यांत, काहींनी ३६ आठवड्यांत वजन कमी केलं. तीन वर्षांनी दोन्ही गटांत घटलेल्यापैकी सुमारे ७१ टक्के परत आलं होतं. 'हळूहळू कमी केलेलं टिकतं' हा आपला लाडका सल्ला तिथे टिकला नाही. (पित्ताशयातल्या खड्यांचा धोका मात्र झपाट्याने वजन उतरवताना वाढतो, तेव्हा डॉक्टरांना न विचारता असले प्रयोग नकोत.) उतरवायचा वेग काहीही असो, पुढची वर्षं कशी जातात यावरच सगळं अडतं. ज्या स्पर्धकांनी वजन टिकवलं, त्यांची हालचाल सहा वर्षांनीही शोआधीच्या तुलनेत १६० टक्क्यांनी वाढलेली होती. ज्यांचं परत आलं त्यांची ३४ टक्क्यांनी. टिकवायला रोज साधारण ८० मिनिटांची मध्यम किंवा ३५ मिनिटांची जोरकस हालचाल लागते, असा हॉल यांचा अंदाज. सकाळच्या आठ-बाराला लोंबकळत सीएसएमटी गाठणाऱ्याने ही ८० मिनिटं कुठून आणायची, हे कुठलाच शो सांगत नाही.

आणखी एक आकडा टीव्हीवर कधीच येणार नाही, कारण तो दिसायला फारच मामुली. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांवर अमेरिकेत झालेल्या मोठ्या चाचणीत सात टक्के वजन कमी करणं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं, एवढंच उद्दिष्ट होतं. २००२ मध्ये आलेला निकाल: मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. ९६ किलोच्या माणसाचे सात टक्के म्हणजे पावणेसात किलो. एवढ्यावर कोण म्युझिक वाजवणार?

मामेभाऊ आता ८९ वर आहे. सोसायटीच्या ग्रुपवर त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही, आणि तो स्वतः 'सगळं वाया गेलं' म्हणतो. मी त्याला कागदावर ९६ वजा ८९ मांडून दाखवलं. त्याने तो कागद बराच वेळ बघितला, मग विचारलं, "म्हणजे ते सात टक्के झाले?" झाले होते, वर थोडेसे उरतही होते. पंखा पाचवर फिरत होता.