बुजलेली मांजर आणि अलिप्त मांजर

इंदूरच्या मराठी घरांत मांजरांचा विषय निघाला की दोन वाक्ये हमखास कानावर पडतात. ‘आमची मनी फार मानी आहे, कोणाजवळ म्हणून जात नाही,’ हे एक. आणि ‘आमची इतकी गरीब आहे की कोणीही उचलून घ्या, हूं की चूं करणार नाही,’ हे दुसरे. पहिल्या वाक्यातली मांजर पुष्कळदा मानी नसून घाबरलेली असते, आणि दुसऱ्या वाक्यातली ‘गरीब’ मांजर तर कित्येकदा तिच्याहूनही अधिक घाबरलेली असते.

अलिप्त मांजर सर्वांच्या परिचयाची आहे, म्हणून तिच्याविषयी थोडक्यात. ती माणसांत राहते, पण अंगचटीला येत नाही. हाक मारली तर कान वळवते आणि स्वतःच्या सवडीने येते. हा तिचा स्वभाव आहे आणि त्यात दुरुस्त करण्यासारखे काही नाही.

घोटाळा होतो तो असा की बुजलेली मांजरही वरवर हेच करते. पाहुणे आले की दोघीही उठून जातात, मांडीवर दोघीही बसत नाहीत. त्यामुळे ‘जवळ येते की नाही’ एवढी एकच कसोटी लावणाऱ्याला दोघी सारख्याच दिसतात. पाहायला हवे ते दूर गेल्यानंतर मांजर काय करते, आणि तिथून किती वेळाने परत येते. अलिप्त मांजर बहुधा त्याच खोलीत, शिलाई मशीनवर किंवा कपाटावर, सगळ्यांना दिसेल अशी बसते. थोड्या वेळाने कुशीवर लवंडते, पंजा चाटते, अंग ताणते आणि ताटल्यांचा आवाज झाला की शेपटी उभी करून स्वयंपाकघराकडे निघते. बुजलेली मांजर पाठीला भिंत आणि समोर एकच वाट असलेली जागा शोधते: दिवाणाखाली, सिलिंडरमागे, माळ्यावरच्या घंगाळामागे. तिथे ती चारही पंजे जमिनीला टेकवून, शेपटी अंगाभोवती घट्ट आवळून आणि कान बाजूला पाडून बसते, आणि भर उजेडातही तिच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या असतात. कधी कधी ती डोळे मिटून घेते आणि घरातले म्हणतात, ‘झोपली बिचारी.’ जरा निरखून पाहिले तर दाराच्या कडीच्या प्रत्येक आवाजाला तिचा कान हलताना दिसतो आणि खांद्याचे स्नायू सैल पडलेले नसतात. अशी मांजर सगळे घर झोपल्यावरच वाटीकडे जाते.

रंगपंचमीला राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, निघते, तेव्हा भोंगे आणि ढोल आसपासच्या घरांत भिंतींतून शिरतात. त्या गदारोळात धीट मांजरही दिवाणाखाली जाते. त्यावरून तिचा स्वभाव ठरवू नये. संध्याकाळी गल्ली शांत झाल्यावर जी बाहेर येऊन जेवते आणि अंग चाटायला बसते, ती फक्त आवाजाला कंटाळलेली होती. जी दुसऱ्या दिवशी दुपारीही वाटीला तोंड लावत नाही, तिच्या बाबतीत ‘मानी’ हा शब्द वापरणे थांबवावे.

आता ‘गरीब’ मांजरीविषयी, कारण माझा खरा राग इथे आहे. पाहुण्यांची मुले मांजर हातोहात फिरवतात, फोटो काढतात, ती हलत नाही, आणि मोठी माणसे कौतुकाने पाहत राहतात. पळायला वाट नसते आणि प्रतिकार अंगाशी येईल असे वाटते, तेव्हा प्राणी जागच्या जागी थिजतो. त्याला सोशिकपणा म्हणणे म्हणजे न बोलणाऱ्याची संमती गृहीत धरणे होय. पारख सोपी आहे: काही क्षण कुरवाळून हात काढून घ्यावा. जिला आवडत असेल ती डोके पुढे करील किंवा निदान सैल बसून राहील. थिजलेली मांजर हात सुटताच पोट जमिनीला लावून सरपटत निघून जाईल.

भित्रेपणा आणि माणसांविषयीची ओढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याला अभ्यासाचाही आधार आहे. 2017 साली दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या 2,802 पाळीव मांजरांच्या मालकांकडून प्रश्नावल्या भरून घेऊन तिथल्या संशोधकांनी मांजरांच्या स्वभावाची पाच अंगे मांडली, आणि त्यांत चिंताग्रस्तपणा व प्रेमळपणा ही स्वतंत्र अंगे निघाली. म्हणजे माणसांची ओढ असलेली मांजरही भित्री असू शकते, आणि ओढ नसलेली धीट असू शकते. यातले काही जन्मजात असते: बोका पिल्ले वाढवत नाही, तरी धीट बोक्याची पिल्ले अधिक धीट निघतात, असे सँड्रा मॅकून यांनी 1995 साली दाखवले. काही घडणीतून येते, कारण साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात ज्या पिल्लांना माणसाचा हात लागत नाही, ती पुढे माणसांना बुजतात.

रंगावरून स्वभाव सांगणाऱ्यांसाठी एकच वाक्य पुरे: तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादी असते, त्यापलीकडे रंगावर फारसे काही ठरत नाही.

अलिप्त मांजरीला तिच्या मर्जीवर सोडावे. बुजलेलीला मात्र ‘असतो एकेकीचा स्वभाव’ म्हणून वर्षानुवर्षे माळ्यावर राहू देणे जितके चुकीचे, तितकेच ‘सवय व्हायला हवी’ म्हणून दिवाणाखालून ओढून काढणे चुकीचे आहे. तिला लपायला हक्काची जागा दिली की ती लवकर निवळते; नेदरलँड्समधल्या एका निवाऱ्यात नव्याने आलेल्या मांजरींवर 2014 साली केलेल्या प्रयोगात हेच दिसले. महागड्या गादीपेक्षा किराणा दुकानातून आणलेले पुठ्ठ्याचे खोके मला केव्हाही पसंत आहे. ते तिच्या नेहमीच्या कोपऱ्यात ठेवावे, जेवणाची वेळ बदलू नये, आणि तिच्याकडे टक लावून पाहण्याऐवजी डोळे सावकाश मिटून उघडावेत. पुष्कळ मांजरी त्याला तसाच प्रतिसाद देतात.

हे सर्व पहिल्यापासून तशाच असलेल्या मांजरींविषयी झाले. जी दहा-बारा वर्षे कपाटावर उड्या मारत होती आणि आता खाली एका कोपऱ्यात पडून राहते, हात लावला की फिस्कारते, तिच्या बाबतीत स्वभावाची चर्चाच करू नये. म्हाताऱ्या मांजरींत सांध्यांचे दुखणे फार आढळते आणि मांजर दुखणे लपवते. तिला कपाटापाशी चढायला एक स्टूल ठेवावे आणि पशुवैद्याकडे न्यावे. घरातली पॅरासिटामॉलची गोळी चुकूनही देऊ नये. मांजरीसाठी ते विष आहे.