अर्थरूप ते वाक्य: नियमांचा संच एक की दोन?

वाक्याचा अर्थ सूत्रात, म्हणजे ठरावीक चिन्हांच्या काटेकोर मांडणीत, उतरवणं आणि सूत्रावरून पुन्हा वाक्य घडवणं, या नियमांचं मूळ शोधत थेट संस्कृत व्याकरणातल्या कारकांपर्यंत (कर्ता, कर्म अशी क्रियेशी असलेली नाती) जाता येतं. संगणकाला या दोन्ही कामांसाठी नियमांचा एकच संच पुरतो की दोन लागतात, हा आजचा वाद मात्र १९८०च्या दशकातला आहे. प्रोलॉग या तर्कावर आधारलेल्या संगणकभाषेत लिहिलेला नियम तत्त्वतः दोन्ही बाजूंनी वाचता येतो. मग एकाच व्याकरणाने वाक्य समजूनही घ्यावं आणि रचूनही द्यावं, अशी आशा तेव्हा निर्माण झाली.

पण उलट दिशेने, म्हणजे अर्थाकडून वाक्याकडे, चालवलं की प्रोग्रॅम अडकायचा. वाक्य डावीकडून रचताना स्वतःलाच बोलावणारे नियम संपतच नसत. १९९०च्या सुमारास तोडगा निघाला: आधी अर्थाचा गाभा असलेलं पद, बहुधा क्रियापद, ठरवायचं आणि बाकीची पदं त्याभोवती जुळवायची. दुसरी अडचण जास्त चिवट निघाली. ‘कुत्रा आहे, काळा आहे, मोठा आहे’ या अटींचा क्रम बदलला तरी अर्थ तोच राहतो, पण व्याकरणाला एकच क्रम ओळखीचा असतो. आणि कोणतीही दोन सूत्रं समानार्थी आहेत का, हे हमखास ठरवणारी यांत्रिक रीत प्रथम-क्रम तर्कशास्त्रात (‘प्रत्येक’, ‘एखादा’ अशी विधानं मांडणाऱ्या तर्कात) असूच शकत नाही.

१९९६ मध्ये टोकियोत सुरू झालेल्या बहुभाषिक प्रकल्पाने दोन वेगळे संच स्वीकारले: एक भाषेतून अर्थजालात, म्हणजे संकल्पना आणि त्यांच्यातली नाती दाखवणाऱ्या जाळ्यात, नेणारा, दुसरा परत आणणारा. विश्लेषणाने मोडकी वाक्यंही सांभाळून घ्यावीत, रचनेने ती कधीच देऊ नयेत, हा समर्थकांचा युक्तिवाद बिनतोड आहे. तरीही या फारकतीची किंमत मोठी आहे, असं मला ठामपणे वाटतं. वाक्य पुन्हा उभं करण्याची जबाबदारी नसली, की विश्लेषण करणारा काय गाळतो याकडे कुणाचं लक्ष राहत नाही.

२०१३ मध्ये इंग्रजी समोर ठेवून आखलेल्या अर्थआलेखांच्या (वाक्याचा अर्थ आकृतीसारखा जोडून दाखवण्याच्या) पद्धतीने काळ आणि वचन वगळलं. मराठीत त्याने घोटाळा होतो. ‘मुलगा चिठ्ठी लिहितो’, पण ‘मुलाने चिठ्ठी लिहिली’. काळच माहीत नसेल तर कर्त्याला ‘ने’ लावायचा की नाही आणि क्रियापद कर्त्यामागे जाणार की कर्मामागे, हेही ठरत नाही. २०१७ नंतर न्यूरल जाळी, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारे प्रोग्रॅम, ही पोकळी अंदाजाने भरू लागली.

हाताने लिहिलेले नियम २०२० मध्ये एका मुक्त ज्ञानकोशाच्या योजनेतून पुन्हा पुढे आले. अर्थरूप माणसांनी लिहायचं आणि नियमांनी ते अनेक भाषांत मांडायचं, अशी ती योजना आहे. भर पूर्णपणे रचनेवर आहे, वाक्याकडून अर्थाकडे येण्यावर नाही.